डाव्या कोपऱ्यातली वनिता

आधी माफी मागतो. लिहिणं हे माझं काम नव्हे. आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेला मी पहिलाच, आणि पेणच्या कॉलेजात मराठीचा तास असला की अजूनही मागच्या बाकावर बसतो. हरीकाका आमचे शेजारी. धाटावला एका केमिकल कंपनीत ते फिटर आहेत. ते बोलले तसं मी उतरवून घेतलं. काही चुकलं असेल तर ते माझं. राग मात्र त्यांचा आहे, आणि तो मी कमी केलेला नाही.

लिही. मी इथलाच. गडबच्या अलीकडं ही आपली वाडी, हायवेवरनं दिसतबी नाय, पण कबड्डीचं मैदान विचारलंस तर नागोठण्यापर्यंत कोणीही सांगेल. बाप भात लावायचा, भात काढला की त्याच ओलीवर वाल टाकायचा, आणि ऊन उतरलं की मैदानावर. आमच्याकडं पोर चालायला लागलं की कबड्डी. मी पण खेळलो, म्हणजे राखीव, चपलांवर लक्ष ठेवायला, ते जाऊ दे. आयटीआय केलं, धाटावला लागलो, अजून तिथंच हाय, शिफ्ट फिरती, गुडघे गेले.

वनिताला मी पहिल्यांदा बघितली ती पोह्यांच्या कार्यक्रमात नाय, रोह्याला एका स्पर्धेत बघितली. रोह्याच्या पुलापलीकडं अष्टमी गाव, त्याच्या पुढची वाडी तिचं माहेर. डाव्या कोपऱ्यात उभी, हात मोकळे, तोंडावर काय नाय, आणि समोरची पोरगी बोनसच्या रेषेवर पाय टाकते न टाकते तोच ही खाली, घोटा हातात. काय सांगू तुला, ती पोरगी पडली ती पडूनच राहिली, तिला कळलंच नाय कोणी धरलंन. घरी येऊन आईला म्हटलं, मुलगी बघायची तर ती बघ. आई म्हणाली, ती तुला धरील आणि सोडणार नाय. बरं झालं, धरलंन.

आता ऐक, सगळी गोची इथं हाय. आमच्याकडं मंडळ म्हणजे गाव. पोरगा आपल्या गावच्याच मंडळाकडनं खेळणार, मरेपर्यंत तो त्या गावचा. पोरगी पण तशीच, पण लग्न होईपर्यंत. मे महिन्यात आमचं लग्न झालं, थंडीत स्पर्धा लागल्या, ही बॅग भरून माहेरी गेली सरावाला, तर तिच्या सख्ख्या भावानं, सुरेशनं, तो तिथल्या मंडळाचा अध्यक्ष, तिला मैदानाच्या कडेलाच थांबवलंन. वने, तू आता सासरची, तुला खेळवली तर बाकीची मंडळं हरकत घेतील. बरं, इकडं यावं तर आमच्या मंडळात बायकांचा संघच नाय. म्हणजे बघ, लग्न काय झालं आणि तिचं गावच गेलं, माहेरचं सुटलं आणि सासरचं लागलं नाय.

रडली नाय ती. भात काढलेल्या आमच्या खाचरात धसकटं काढून चुन्याच्या रेषा मारल्यान, आणि जावा, नणंदा, शेजारणी सगळ्यांना ओढून आणलंन. माझी मोठी वहिनी म्हणाली, गो वनिता, मला दम लागतो गो. ही म्हणते, वहिनी, भांडताना दम कुठनं आणता, तोच आणा. बाप चिडला, वाल कधी टाकायचा म्हणून, आठवडाभर माझ्याशी बोलला नाय, जसं काय मीच बायका जमवल्या. पण त्या बायका उभ्या राहिल्या. साडीचा काष्टा मारून सराव, आणि पेणच्या स्पर्धेला आमच्या मंडळाच्या नावानं, पोरांच्या ट्रॅकपँटी घालून गेल्या, लोक हसले, पहिला सामना होईपर्यंत हसले.

आणि उपांत्य फेरीला समोर कोण आलं, तर हिचं माहेर. शेवटच्या चढाईला हिनंच शिकवलेली पोरगी आली, हिनंच शिकवलेली हूल हिला दिलीन, आणि हिनं शांतपणे तिचा घोटा धरलान. आम्ही जिंकलो. मी ओरडलो किती, आणि बघतो तर ही त्या पोरीला उठवून तिच्या गुडघ्याची माती झाडतेय. सुरेश पुढं वर्षभर आमच्या दाराला आला नाय. माहेराला हरवलंन म्हणे. अरे, तूच नको म्हणालास ना तिला.

पुढं बरीच वर्षं खेळल्या त्या. कप किती आणले ते मी सांगत नाय, कप सगळेच आणतात. मी सांगतो ते वेगळं हाय. दुसऱ्या संघांच्या चढाईच्या पोरी हिच्या बाजूला जायच्याच नाय. अर्धं मैदान मोकळं सोडून दुसरीकडं गर्दीत घुसायच्या आणि तिकडं आमच्या वहिनीच्या हातात सापडायच्या. मग टाळ्या कोणाला, वहिनीला. ही आपली कोपऱ्यात उभी, हात मोकळे.

आता यंदाचं सांगतो, रागानं माझं डोकं उठतं. मंडळाला पन्नास वर्षं झाली म्हणून मैदानाच्या कडेनं बसायला पायऱ्या बांधल्या, आणि ठरलं काय, तर पायऱ्यांना आपल्या मंडळाच्या आजवरच्या सर्वांत मोठ्या खेळाडूचं नाव द्यायचं. चांगलं हाय. आपला सेक्रेटरी प्रणय, त्यानं व्हॉट्सअ‍ॅपवर मतदान टाकलंन. नावं बघतो तर सगळे चढाईवाले आणि सगळे पुरुष. मी खाली लिहिलं, वनिताचं नाव राहिलं. कोणीतरी अंगठा दाखवला, कोणीतरी हात जोडले, नाव काय टाकलं नाय.

मग देवळात बैठक लागली. प्रणय म्हणतो, काका, गुण बघायचे, आपल्या चढाईवाल्या विलासदादाचे गुण बघा. एक म्हणतो, विलास टीव्हीवर दिसला. म्हटलं, हवामानवाली बाई रोज दिसते. आमचे अध्यक्ष दामूशेट, ते म्हणाले, हरी, खेळावर ज्याला सरकारी नोकरी लागली तो मोठा, विलासला लागली. म्हटलं, मग पायऱ्यांना भरतीवाल्या साहेबाचंच नाव द्या की. हसले सगळे. मी हसवायला गेलो नव्हतो. मी विचारलं, चढाईला गेलेला गुण घेऊन येतो ते तुम्हाला दिसतं, आणि जिच्या भीतीनं समोरचा चढाईच करत नाय, तिचे गुण कुठं दिसणार. मग दामूशेट हळूच म्हणाले, वनिता वहिनींबद्दल आम्हाला आदरच हाय, पण त्या घडल्या माहेरी, आपली माती कुठं हाय ती.

आपली माती. म्हणजे आमच्या खाचरातली काय परदेशातनं आणली होती.

दुसऱ्या दिवशी शिफ्ट सुटली तसा गाडी काढून पुलावरनं थेट अष्टमीकडं, सुरेशच्या घरी. म्हटलं, तुमच्या तरी मंडळात हिचं नाव लावा, घडवलीत तुम्ही. सुरेश आता बरा झालाय, चहा दिलान, पोहे दिलेन, आणि म्हणाला, भावोजी, दिली ना आम्ही तुम्हाला ती. दिलेल्या मुलीचं नाव इथं लावलं तर लोक काय म्हणतील. आणि तिनं आम्हाला हरवलंय, ते कसं विसरू. म्हणजे बघ, हरवलंन म्हणून तिकडं नाय, आणि शिकली तिकडं म्हणून इकडं नाय. असा खेळाडू दुसरा दाखव मला, जो दोन्हीकडं जिंकला आणि दोन्हीकडं राखीव राहिला.

घरी आलो तर ही तांदूळ निवडत बसलेली. सगळं सांगितलं. तर माझ्यावरच चिडली, ओ, मी सांगितलं होतं काय तुम्हाला दारोदार फिरायला. मी पाय धुऊन आलो. थोड्या वेळानं, मान वर न करता म्हणाली, नाव लागलं असतं तर बरं वाटलं असतं पण. तेवढंच. एवढ्या वर्षांत तिनं मागितलेली मला ती एकच गोष्ट माहीत हाय.

म्हणून पुन्हा गेलो दामूशेटकडं, हात जोडले. ते म्हणाले, बघतो, कमिटीत ठेवतो.

कंपनीत मोबाईल गेटवर जमा करावा लागतो, आत नेता येत नाय. निर्णय झाला त्या दिवशी माझी पहिली पाळी. सुटल्यावर बसमध्ये चढलो तर आपल्या बाजूचे दोघंतिघं उठून हातच मिळवायला लागले. अभिनंदन हरीभाऊ, ग्रुपवर आलंय. माझ्या डोळ्यात पाणी आलं, खोटं नाय सांगत. नाक्यावर उतरून सगळ्यांना वडापाव दिला. म्हटलं, वनिता हायच तशी. ते एकमेकांकडं बघायला लागले, मला कळलं नाय.

मग मोबाईल उघडला. पोस्टरवर विलास, चढाई करतानाचा, पायऱ्यांना नाव त्याचं. आणि त्याच्या खाली गोलात माझा फोटो, आधार कार्डावरचा असावा. महिला खेळाडूच्या पाठीशी खंबीरपणे उभे राहिल्याबद्दल आदर्श क्रीडाप्रेमी, शाल आणि श्रीफळ. माझं नाव ठळक, अख्खं, आडनावासकट. वनिताचं शोधत खाली गेलो, खाली, अगदी शेवटी, प्रायोजकांच्याही खाली. होतं. लिहिलं होतं, सर्व सत्कारमूर्तींचं औक्षण सौ. वनिता वहिनी करतील, तरी त्यांनी ताट घेऊन वेळेवर हजर राहावं.