मागचे दोघे

रत्नागिरीच्या एसटी स्टँडवर सदूतात्या गाडीची वाट बघत होते. शेजारच्या बाकावर कॉलेजातले दत्तात्रेय सर गावी सटकायच्या बेतात होते, पण त्यांचे तास इंटरनेटवर चढवणाऱ्या सावनीनं त्यांना तिथंच गाठलं.

"सर, आज दुसरा तास रेकॉर्ड झाला नाही तर तुमचा कोर्स बंद होईल."

"होऊ दे गो! कॅमेऱ्यापुढे शिकवणं म्हणजे भिंतीला शिकवणं. ऐकतो कोण?"

"ऐकतात तर! पहिल्या तासात तुम्ही सवयीनं ओरडलात, 'मागचे दोघे, बाहेर व्हा!'"

"मग?"

"केळशीच्या केंद्रात मुलं एकत्र बसून तुमचा तास बघतात. तिथले मागचे दोघे मुकाट बाहेर गेले."

तात्यांची गाडी लागली, तरी ते हलेनात.

"काय सांगतेस!" सर म्हणाले. "परत आत कधी आले?"

"तुम्ही बोलावलंच नाहीत, सर."

सरांनी पिशवी उचलली.

"चल, कॅमेरा लाव. आधी त्यांना आत घेतो."