लायनेलनं दिलेली माशी

…आणि दिली कशी, तर हसत! तिथंच माझ्या मनात पाल चुकचुकली. तुम्हाला सांगतो, संशय घेणं माझ्या स्वभावातच नाही, पण इचेन नदीच्या काठावर मी तीस वर्षं गळ टाकतोय, आणि तीस वर्षांत एकाही माणसानं दुसऱ्याला गळावर पिसांची कुठली माशी बांधायची ते खरं सांगितलेलं नाही. विचारा कुणालाही, "काय रे, आज मासे कशावर येतायत?" की तो आकाशाकडे बघत म्हणणार, "आपली राखाडीच रे." म्हणजे राखाडी सोडून काहीही. याचा कुणाला राग येत नाही, ती रीतच आहे. आणि हा लायनेल थ्रॅपवुड, गुरांचा निवृत्त डॉक्टर, माझा सख्खा शेजारी, हंगामाच्या शेवटच्या संध्याकाळी कुंपणावरून हात पुढे करतो आणि म्हणतो, "ऑब्री, ही तांबूस घे. तुझ्यासाठी मुद्दाम बांधलीय. पुलाखालचा बिशप हिच्यावरच येणार बघ." गळ, पिसं, वर वीतभर दोरा… आणि न मागता!

बिशप म्हणजे ट्राउट मासा. चांगला दोन किलोंचा, पोट सुटलेला. पुलाच्या खालच्या अंगाला शेवाळाशेजारी पडून असतो. तीन वर्षं मी त्याच्यापुढे गुडघे टेकतोय, अगदी खरोखरीचे, कारण उभं राहिलं की त्याला माणूस दिसतो. आता डॉक्टर म्हणतात, हिवाळ्यात गुडघा बदलू, मग रांगणं बंद. म्हणजे माझी ही शेवटची संध्याकाळ. आणि नेमकं त्याच दिवशी लायनेलला माझं प्रेम येतं? त्याला स्वतःला बिशप नको होता काय?

आमची बायको म्युरिएल म्हणते, "ऑब्री, एवढा मनापासून देतोय तो." म्युरिएल भोळी आहे. अहो, मे महिन्यात याच माणसानं मला पिवळी लावायला सांगितली, मी तीन तास पिवळी लावून बसलो आणि हा वरच्या वळणावरून काळीवर चार मासे घेऊन आला. तर मी काय केलं, 'आभारी आहे' म्हटलं, दोरा टोपीच्या पट्टीला गुंडाळला, माशी कडेला लोंबत ठेवली आणि निघालो. वापरणार होतो कशाला?

आमच्या क्लबाचे नियम तुम्हाला माहीतच आहेत. पाण्यावर तरंगणारी कोरडी माशीच लावायची, माशाच्या खालच्या अंगाला बसून प्रवाहाच्या वरच्या दिशेलाच फेकायची, आणि मासा वर आलेला दिसल्याशिवाय फेकायचीच नाही. गांडूळ लावलंत तर तुमच्या दफनाला कुणी येणार नाही. तर मी रांगत गेलो, बसलो, आणि बिशप वर आला… टुप. मी राखाडी टाकली. बघितली आणि वळला. काळी टाकली, बघितलीसुद्धा नाही. हिरवट, करडी, पिवळी, अशा पाच झाल्या, आणि हा आपला पाण्यावर उतरलेल्या खऱ्या माश्या एकेक करून तोंडात टाकतोय. कुठल्या रंगाच्या? दिसत होत्या तांबूस. पण संध्याकाळच्या उन्हात सगळंच तांबूस दिसतं, आणि लायनेलला ते बरोबर ठाऊक होतं! संशय घेणं माझ्या स्वभावात नाही, पण मी काय खुळा आहे?

एवढ्यात पुलापलीकडून आवाज आला. फुस्स… फुस्स… कुणीतरी धापा टाकतंय. म्हटलं, सापडला! माझी फजिती बघायला दडून बसलाय. गळाची काठी टाकली, गुडघ्याच्या नावानं बोटं मोडत पूल चढलो, प्रवाहाच्या वरच्या बाजूच्या कठड्यावरून वाकलो आणि ओरडलो, "लायनेल, दिसलास मला!" खाली पाण्यात एक बैल. पाणी पीत होता बिचारा. त्यानं वर बघितलं, मी खाली बघितलं… आणि टोपी पडली.

पडली ती उलटी, होडीसारखी, पुलाखाली शिरली. मी लंगडत दुसऱ्या कठड्याला. टोपी बाहेर आली, ती तांबूस माशी शेजारी पाण्यावर तरंगतेय, बरोब्बर बिशपच्या डोक्यावर… टुप. तुम्हाला सांगतो, माझी टोपी प्रवाहाच्या उलट्या दिशेनं चालू लागली. चार हात वर आली, माझ्यासमोर एकदा लवली आणि शेवाळात बुडाली. मी कठडा धरून उभा. रडू आलं हो मला. तीन वर्षं… आणि त्यानं ती घेतली, माझ्या हातात काठीसुद्धा नसताना.

दुसऱ्या दिवशी टोपी धरणाच्या फळीला अडकलेली मिळाली. दोरा तुटलेला, माशी गायब. दुपारी पबमध्ये मी सगळ्यांना सांगितलं की बिशपनं माझी टोपी पळवली. सगळे नुसते माझ्याकडे बघत राहिले, अगदी मी लायनेलकडे बघतो तसे.

फक्त एक माणूस उठला, माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "माझा विश्वास आहे, ऑब्री." लायनेल. आणि वर हसला. संशय घेणं माझ्या स्वभावात नाही… पण मला सांगा, त्याचा विश्वास का बसला?