बारूद, टोप्या आणि तुस्सा

"हॅलो?… हो, सोलवेईच. बोल, होकान… नाक्यावर पोचलास? नॉर्वेच्या?"

शिकारी संघाच्या खोपटात कॉफी नुकतीच उकळली होती. सोलवेईने बाकीच्यांना गप्प बसायची खूण केली, फोन टेबलावर ठेवला आणि स्पीकर चालू केला. संघाची प्रमुख तीच. सकाळपासून ती याच फोनची वाट बघत होती.

"माल जाहीर करायच्या लाल रांगेत गाडी घातलीस ना?… शहाणा आहेस. काय म्हणाल्या त्या कस्टमच्या बाई?… बरोबर आहे त्यांचं! बारूद आणि काडतुसांच्या टोप्या परवान्याशिवाय सीमेपार नेता येत नाहीत. घरी काडतुसं भरणाऱ्याने कायदा पाठ करावा, असं दरवर्षी तूच आमचं डोकं खातोस… हो, हो… मग दाखव ना परवाना… गाडीच्या खणात नाही?… अरे, ऐक ना. हरवला नाही. माझ्याकडे आहे… मीच काढून घेतला. तू बूट चढवत होतास तेव्हा… ओरडू नकोस, बाई ऐकतील."

टेबलापलीकडे लेनाशेजारी बिर्येर, होकानचा सख्खा भाऊ, कॉफीत बुडवून खायचा चीजचा तुकडा हातात तसाच धरून बसला.

"पोलिसांना बोलावतायत?… बंदुकांचा परवाना जाईल?… जाईल तर खरा. परवान्याचा फोटो पाठवायला मला किती वेळ लागतो? पण आधी तुस्साचं बोल… कोण तुस्सा? माझी कुत्री कोण, हे तू मला विचारतोस?"

गेल्या वर्षी मूस हरणांच्या शिकारीत तुस्सा माग काढत रानात शिरली, ती परतलीच नाही. लांडग्याने नेली, मी स्वतः पाहिलं, असं होकानने छातीठोकपणे सांगितलं होतं. सोलवेई हिवाळाभर लांडग्यांना शिव्या घालत होती.

"होकान, बर्फ वितळल्यावर दलदलीत सापडली ती मला. बरगडीत तांब्याची गोळी होती. लांडगे गोळ्या झाडत नाहीत… आणि तांब्याच्या गोळ्या आपल्यात कोण भरतं? बिर्येर? त्याला कॉफीही धड भरता येत नाही!… हो, मग बोल. बाई थांबल्यात तुझ्यासाठी, मला घाई नाही."

पलीकडे गाड्यांच्या आवाजात होकान काहीतरी पुटपुटला.

"मोठ्याने… कोल्हा वाटला. बरं. चूक होते माणसाची. मग हाक का नाही मारलीस? मी हाकेच्या अंतरावर होते… घाबरलास… थांब, थांब. काय म्हणालास?… जिवंत होती?"

सोलवेईने टेबलाची कड घट्ट धरली. हे तिला ठाऊक नव्हतं.

"तुझ्याकडे बघून शेपूट हलवलं तिने?… आणि तू तिच्यावर शेवाळ टाकून निघून आलास. जिवंतपणी… आणि त्याच संध्याकाळी माझ्या घरी बसून माझं सांत्वन केलंस. वर दोनदा सूप घेतलंस… माफी? नाही रे. मला काय वाटतंय सांगू? तू तिथे घामाघूम झालायस, ते ऐकून बरं वाटतंय मला. फार बरं."

सोलवेईने एकेकाकडे पाहिलं आणि स्वतःचा हात वर केला.

"काय?… फोटो? आता ऐक. मी एकटी नाहीये इथे, सगळा संघ ऐकतोय… हो, पहिल्यापासून… तुला संघातून काढायचं की नाही, त्याचे हात वर होतायत… एक… दोन… लेनाचाही… होकान, परवाना संघाच्या नावावर आहे. संघाच्याच माणसाने न्यायचा माल… आता त्या बाईंना सांग, मी कोणाचाच नाही… बिर्येर? आहे ना, समोरच बसलाय. देऊ?"

तिने फोन उचलून बिर्येरपुढे धरला. बिर्येरने हात वर केला, आणि दुसऱ्या हाताने फोन बंद केला.