ताईचा हलका लॅपटॉप

परवाचंच सांगतो. माझी मोठी बहीण जासईच्या कंटेनर यार्डात कामाला आहे. जुना, जड लॅपटॉप खांद्याला अडकवून दिवसभर फिरायची. हल्ली तो मधेच बंद पडायला लागला, म्हणून नवीन घ्यायला आम्ही पनवेलला गेलो. बाबाही आले.

दुकानदाराने सगळ्यात लहान लॅपटॉप बाबांच्या हातात ठेवला. त्यांनी तो वरखाली करून पाहिला आणि म्हणाले, "यो रिकामा हाय. भरलेला दाखवा."

"काका, भरलेलाच आहे," म्हणत त्याने तो चालू करून दाखवला.

बाबा जरा वेळ ताईच्या खांद्याकडे बघत राहिले. "इतकी वर्षं ओझं वाहिलंस. बोलली का नाय, बाय?"

ताई म्हणाली, "पहिल्या नोकरीला तुमीच घेऊन दिलेला ना तो."