आसाची लॅटिनची वही

मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवणाऱ्या आयांनी चर्चच्या हॉलमध्ये जुन्या पुस्तकांची विक्री मांडली होती. लेकीसाठी लॅटिनचा संच घ्यावा की नाही, हे लॉर्नाचं अजून ठरत नव्हतं. तरी तो छातीशी धरून ती पैसे द्यायच्या रांगेत उभी होती. पुढे जोएलन आणि मेरीबेथ बोलत होत्या.

“आमच्या आसाने बाराव्या वर्षीच संपवलं लॅटिन,” मेरीबेथ म्हणाली.

“माहितीये गं बाई. माझ्या टायटसला रोज तेच ऐकवते मी. आसा बघ, आसा बघ.”

“कुठवर आला टायटस?”

“एकविसावा धडा. रडत रडत. म्हणून तर तुझ्या आसाची ही जुनी वही उचलली टेबलावरून. म्हटलं, पोराने केलं कसं ते तरी कळेल.”

“अगं, ती चुकून आली विकायच्या खोक्यात! आण इकडे.”

“थांब ना. मेरीबेथ, सातव्या धड्यानंतर सगळी पानं कोरी आहेत.”

“पुढचं तोंडी केलं आम्ही.”

“तोंडी?”

“बरं बाई, नाही केलं. हळू बोल जरा.”

“मग रोज सकाळी करायचा काय तो?”

“बापाबरोबर तळ्यावर जायचा, मासे धरायला.”

“आणि घरी आल्यावर?”

“घरी आल्यावर काय! नुसती बडबड. डोकं खायचा माझं.”

“टायटस जानेवारीत लॅटिन सुरू केल्यापासून माझ्याशी धड बोलत नाही.”

जोएलनने वही मिटून मेरीबेथच्या हातात दिली.

“तुझ्यावर जळायची सवयच झालीये मला. पण आजच्याइतकी कधी जळले नव्हते बघ.”