पान दोन, ओळ सात

न्हाई, आधी त्यो मोबाइल खाली करा. घराचा फोटो कशाला काढताय? तुमी खरंच इथं आला व्हता ह्याचा तुमच्या ऑफिसला पुरावा लागतो? म्हंजे तुमच्या ऑफिसचा तुमच्यावर इश्वास न्हाई, आन मी ठेवायचा व्हय! बरं हाय. बसा. पायरीवर नगा, मुंग्या हायत, खुर्ची घ्या. शालनबाई मीच. घर माझ्या नावावर हाय, पोराच्या न्हाई — शेखर प्लॉटिंगच्या मागं सकाळीच चाकणला गेलाय, आन असता तरी त्याला काय ठावं? भाडेकरूंचं समदं मीच बघते. आठ खोल्या हायत. चिखलीत आता ज्याच्या त्याच्या शेतात खोल्याच पिकत्यात. तुमी कुठले? थेरगावचे? न्हाई, राहायला थेरगाव असंल, पण मूळचे?... असू द्या, असू द्या, सहज इचारलं.

संघर्षचं काम हाय ना? संघर्ष गायकवाड, गच्चीवरची खोली, चौदा महिने राहिला, दिवाळीला सोडून गेला. मी सांगितलंय की सगळं महिन्यापूर्वी फोनवर. तुमच्याच व्हेरिफिकेशनची बाई व्हती, लई गोड बोलत व्हती, 'मॅडम, एकच मिनिट घेते' म्हणाली. तिनं इचारलं वागणूक कशी, मी म्हणलं संशयास्पद. परदेशी लोकांशी बोलतो. त्यात खोटं काय? बोलत न्हवता का? बोलत व्हता! दर गुरुवारी साडेआठ वाजले, आमची ताटं मांडायची येळ झाली, की ह्याचं दार बंद. मग आता दुसऱ्यांदा तुमी कशाला?... नवी कंपनी कामावर घेईना? माझ्या एका शब्दावरनं? एवढी काचेची बिल्डिंग बांधलीय आन चिखलीच्या बाईच्या शब्दावर अडून बसल्यात? मला न्हाई पटत. कुठंतरी पाणी मुरतंय. त्यानंच पाठवलंय तुमाला, खरं सांगा. न्हाई? मग तुमी एवढं गप का बसलाय? बोलणाऱ्याचं मला भ्या न्हाई वाटत, गप बसणाऱ्याचं वाटतं.

आता तुमीच सांगा, तुमच्या डोक्यावर कुणी दर गुरुवारी इंग्रजी बोलत बसला तर तुमाला काय वाटंल? मी काय चोरून ऐकत न्हवते — टाकीत पाणी किती चढलं बघायला गच्चीवर जावं लागतं, जिन्यात जरा थांबावं लागतं, गुडघे दुखत्यात — तर कानावर यायचं. आन काय यायचं? आकडे! पेज अमुक, लाइन तमुक, पेज अमुक, लाइन तमुक. मला पहिल्यांदा मटकाच वाटला. मग वाटलं, न्हाई, मटक्याला इंग्रजी कशाला लागतं, हे काहीतरी त्याच्या वरचं हाय. गाडीच्या पार्टात कॉम्प्युटर बसवणाऱ्या कंपनीत हा कामाला, तिथलंच काहीतरी बाहेर इकत असणार. एका गुरुवारी सरळ दार वाजवलं. म्हणलं, खाली ये, न्हाईतर पोलिसात देते. आला बिचारा. लॅपटॉप काखेत, पायात चप्पल न्हाई. म्हणतो, 'काकू, पाच मिनिटं ऐका, मग द्या पोलिसात.'

तर काय, म्हणं, मोबाइल असू द्या, गाडी असू द्या, मशिन असू द्या, त्याच्या पोटात एक मुख्य प्रोग्राम असतो. ऑपरेटिंग सिस्टीम. बाकीचे प्रोग्राम त्याच्याकडं काम मागत्यात — किती वाजले सांग, ही फाइल उघड, हे त्याच्याकडं पोचव. आता ते कसं मागायचं आन त्यानं काय उत्तर द्यायचं, ह्याचं एक पुस्तक ठरलेलं हाय. 'काकू, तुमचा नळ बघा,' म्हणाला, 'कुठल्याही दुकानातून आणला तरी पाइपाला बसतो, कारण आटा ठरलेला आहे.' ते मला पटलं. पण पुढचं न्हाई पटलं. मी म्हणलं, आटा ठरवतो कोण? सरकार? न्हाई. कंपनी? एकटी कंपनी न्हाई. तीन संस्था हायत म्हणं, तिघींचं मिळून एकच पुस्तक, एकावरच तिघींचा शिक्का. आन कामाला कोण? कंपन्यांची माणसं, कॉलेजातले मास्तर, आन ह्याच्यासारखे घरनं बसून करणारे. कुणीबी या, फी न्हाई. पगार? न्हाई. जेवणखाण? न्हाई. आन एवढं राबून केलेलं चार हजार पानांचं पुस्तक इंटरनेटवर वाचायला फुकट! नाव नोंदवायचं आन वाचायचं. शिक्क्याची प्रत पाहिजे असंल तरच पैसे. मी म्हणलं, बाळा, मला येडी समजतोस काय? फुकट कोण राबतं? ज्याला इकायचं न्हाई त्यो दुकान कशाला मांडतो? त्यो हसला. मला राग आला त्याच्या हसण्याचा.

मी काय एवढ्यावर सोडते व्हय! आमची तनुजा, शेखरची पोरगी, कॉलेजात कॉम्प्युटरच शिकती. तिला म्हणलं, त्याच्या लॅपटॉपात नगं, त्याच्या लॅपटॉपात त्यो काय बी भरून ठेवंल — तू तुझ्या फोनात उघड. उघडलं. पुस्तक हाय. मीटिंगची टिपणंबी हायत, कोण आलं, कोण काय म्हणलं, काय ठरलं, समदं लिवलेलं, आन कुणीबी वाचावं म्हणून मांडून ठेवलेलं. तनुजा म्हणली, 'आजी, हे बघ, एस गायकवाड.' मी चष्मा पुसून बघितलं. इंग्रजी येत न्हाई मला, पण हिनं बोट ठेवलं तेवढं बघितलं. म्हणलं, ह्यानं काय दिवे लावले तिथं? तर ह्यानं हरकत घेतली व्हती. त्यांच्या प्लांटमधी दोन मशिनी, दोन कंपन्यांच्या. घड्याळ मागं केलं की एक थांबायची, दुसरी चालूच राहायची, आन दोघी कंपन्या म्हणायच्या आमी पुस्तकाप्रमाणं वागतो. ह्यानं पुस्तक उघडलं तर त्या जागी पुस्तक गप! घड्याळ मागं गेलं तर काय करायचं ते लिवलंच न्हवतं. मग ह्यानं लिवून पाठवलं. पान कुठलं, ओळ कुठली, आता काय लिवलंय, काय पाहिजे, आन कारण. एवढं दिलं की तुमच्या हरकतीला नंबर पडतो, आन नंबर पडला की त्यांना बोलावंच लागतं. आठ महिने बोलले. एक जर्मनीची बाई आडवी आली व्हती, एका अमेरिकेच्या म्हाताऱ्यानं शब्द बदलून दिले, समद्यांचं जुळलं तवा कुठं ठरलं, पुढच्या पुस्तकात घालायचं. मी म्हणलं, आन तुला, चिखलीच्या भाडेकरूला, त्यांनी ऐकून घेतलं? तर काय म्हणाला ठावं हाय? 'काकू, मी कुठला ते कुणी विचारलं नाही. पान कुठलं तेवढं विचारलं.'

असं जगात कुठं असतं व्हय? मला संशय गेला न्हाई, खरं सांगते. आमीबी हरकती घेतल्यात की! महापालिकेचा नवा आराखडा आला, आमच्या विहिरीवरनं रस्ता दाखवला — शेवटचे अकरा गुंठे राहिल्यात, त्यातनं. शेखरनं चार पानी अर्ज दिला, बापजाद्यांपासून सुरुवात केली, अन्याय, मायबाप सरकार, डोळ्यांत पाणी येईल असा. ढिगात गेला. मग मीच एका रविवारी संघर्षला म्हणलं — इज्जत गुंडाळून ठेवली आन म्हणलं — बघ बाबा, तुझं ते पान आन ओळ. त्यानं अर्धा दिवस नकाशा बघितला. गट नंबर, नकाशाचा नंबर, काय दाखवलंय, जाग्यावर काय हाय, काय पाहिजे, कारण. एक पान! मायबापबी न्हाई आन अन्यायबी न्हाई. सुनावणीला गेले, साहेबानं कागद हातात घेतला, वाचला, पुन्हा वाचला, आन शेजारच्याला म्हणला, मोजणीला माणूस पाठवा. माणूस आला. विहीर वाचली, दादा. माझ्या सासऱ्यानं हातानं खणलेली विहीर.

मग? मग काय मग? तुमी लिवताय का हे? नगा लिवू. हे तुमच्या कामाचं न्हाई. तुमच्या फॉर्मात वागणूक हाय, विहीर न्हाई.

काय इचारताय, मग खोली का सोडली त्यानं? पाहुणे येणार व्हते आमच्याकडं. खोली लागत व्हती. आले की न्हाई? न्हाई आले. पाहुण्यांचं काय, येतो म्हणत्यात आन येत न्हाईत. तुमी असे बघू नगा. मी कधी जातपात मानली न्हाई, इचारा कुणालाबी. आमच्या घरात समदे येत्यात. गायकवाड म्हणल्यावर मी पुढं इचारलंबी न्हाई, गायकवाड आमच्यातबी हायत, माझी थोरली नणंद गायकवाडांचीच — मला वाटलं, वाटलं म्हंजे गृहीतच धरलं. त्या दिवशी मासवडी केली व्हती. मोजणीवाला जाऊन दोन दिवस झाले व्हते, म्हणलं पोरानं एवढं केलं, ताट द्यावं. खोली बंद, त्यो कंपनीत. डुप्लिकेट किल्ली असती माझ्याकडं. आत गेले, टेबलावर त्याचे ते कागद, ओळीओळीला नंबर टाकलेले, ते बाजूला सारून ताट ठेवलं. वर बघितलं. भिंतीवर फोटो. निळ्या कोटातला. शेजारी डोळे मिटलेली मूर्ती, ताजं फूल वाहिलेली.

ताट उचलून खाली आणलं मी. वाढलेलं ताट! झाकलेलं व्हतं तसंच. शेखरनं खाल्लं रात्री, म्हणाला, छान झालीय. मी जेवले न्हाई. का न्हाई जेवले कुणाला ठावं. भावकीला कळलं तर काय, जावा काय म्हणतील, आमच्याच घरातला कप दिला व्हता, त्यातनंच चहा प्यायला चौदा महिने — हेच डोक्यात. दुसऱ्या दिवशी त्याला सांगितलं, पाहुणे येणार हायत, खोली पाहिजे. जगाला कारण इचारणारा माणूस, जर्मनीच्या बाईला, अमेरिकेच्या म्हाताऱ्याला कारण इचारणारा — मला न्हाई इचारलं. 'बरं काकू,' म्हणला. जाताना खोली झाडून गेला. आन मग तुमच्या त्या बाईचा फोन आला, वागणूक कशी, आन माझ्या तोंडनं निघून गेलं, परदेशी लोकांशी बोलतो. ते निदान बोलता तरी येत व्हतं चारचौघांत.

त्यानं काय लिवून दिलंय मला शिव्या घालून? असंलच. दाखवा. त्याचं पत्र असंलच तुमच्या त्या मोबाइलात, त्याशिवाय तुमी दुसऱ्यांदा येणार न्हाई, मी काय दुधखुळी न्हाई. वाचा तुमीच, माझा चष्मा आत हाय. हां... हां, तुमच्या रिपोर्टाचं पान दोन, ओळ सात, गेला का आपल्या वळणावर! काय लिवलंय: परदेशी व्यक्तींशी संशयास्पद संपर्क. बरोबर, माझेच शब्द. काय पाहिजे: ... पुन्हा वाचा. 'घरमालक काकू सांगतील ते.' कारण: 'बैठकांची टिपणं सर्वांसाठी खुली आहेत. काकूंनी ती स्वतः पडताळून पाहिली आहेत. त्या खात्री केल्याशिवाय काही मानत नाहीत.' पुढं? पुढं काहीच न्हाई? फोटोचं, खोलीचं, ताटाचं? ताटाचं त्याला कळलं असणार, कागद सरकवलेले व्हते. काहीच न्हाई लिवलं?

बघा, कसा हाय बघा! माझ्याच गळ्यात टाकलं. शिव्या घातल्या असत्या तर मी तुमाला गेटातनंच वाटंला लावलं असतं.

काढा तुमचा फॉर्म. लिवा. पान दोन, ओळ सात. काय पाहिजे: चौदा महिने राहिला, भाडं येळंवर, दारू न्हाई, दंगा न्हाई. गुरुवारी पुस्तकाचं काम करायचा, ते काम चोरीचं न्हाई, जगाला दिसतंय, माझ्या नातीनं तपासलंय. झालं? आणा सही करते. काय? पहिलं तसं का सांगितलं त्याचं कारण? तेवढी ओळ मोकळी सोडा की. मोकळी सोडली की मोबाइलातला फॉर्म पुढं सरकत न्हाई? बघू... खरंच सरकत न्हाई. ह्यांच्या पुस्तकाचीच आवलाद दिसती ही. आन हे वाचणार कोण कोण? तुमचं ऑफिस. कंपनी. आन त्यो? त्यालाबी कॉपी जाती?

लिवा. 'घरमालकांचा गैरसमज' न्हाई लिवायचं, खोडा ते. गैरसमज कुठं झाला? समजल्यावरच केलं मी. लिवा, भिंतीवरचा फोटो बघितला म्हणून. एवढंच. कुणाचा ते नगा लिवू, त्याला ठावं हाय. द्या इकडं. सही येती मला, अंगठा नगा मागू. आन नंबर टाका ह्याच्यावर, नंबर नसला की कागद हरवतो. आता उठा. गेट ओढून घ्या. तुमचा त्यो घराचा फोटो काढायचा असंल तर काढा जाताना. माझा नगा.