न फोडलेले पुडे

भाऊजी: हसू नकोस. बीट घातलं होतं.

धाकटी: हसत नाहीये मी. पण भाऊजी, साबणाच्या वीस वड्या, आणि वीसच्या वीस चिखलाच्या रंगाच्या! बीट ताटात शोभतं. कॉस्टिक सोड्यापुढे त्याचा टिकाव लागतो होय?

भाऊजी: घातलं तेव्हा छान गुलाबी होतं. हात धुऊन येतो तर हे असं. मला काय कळतंय त्यातलं? मी आपला आणून टाकणारा. रंग निवडणारी, घालणारी तुझी ताई.

धाकटी: मग मला बोलवायचं. ताईला जाऊन पाच महिने झाले, पाच महिन्यांत तुमचा एक फोन नाही.

भाऊजी: तुझी नोकरी, तुझं घर. वाटलं, जमेल. दुकानवाल्या बाईंनी लाल वड्या मागितल्यात, ही करायची तशा. म्हटलं, हा एक घाणा नीट काढू आणि मग गुंडाळून टाकू सगळं.

धाकटी: लाल हवा तर माती. ताई लाल मातीच घालायची. आधी चमचाभर तेलात कालवून घ्यायची, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. कॉस्टिक पडो नाहीतर काहीही पडो, माती आपला रंग सोडत नाही. बरणी असेल बघा कपाटात.

भाऊजी: बरणी रिकामी आहे. थांब, पुडा आहे की मागे! मीच आणलेला. पार खाणीपर्यंत गेलो होतो यासाठी. सहा तास जायला, सहा तास यायला. आणि बाईसाहेब म्हणाल्या, खरखरीत आहे, अंगाला ओरखडे उठतील.

धाकटी: तो राहू द्या. मी उद्या येताना दुसरी आणते.

भाऊजी: घरात असताना? असू दे थोडी खरखरीत. ही बघ... अरे, याचा दोरासुद्धा तोडलेला नाही.

धाकटी: तेल तापलंय का बघा जरा.

भाऊजी: तापतंय. पण पुडा फोडलाच नाही, तर खरखरीत आहे हे हिला कळलं कसं?

धाकटी: वरून चाचपून कळतं.

भाऊजी: एवढ्या जाड कापडातून?

धाकटी: कळतं हो. सवयीच्या हाताला कळतं.

भाऊजी: बरं. आणि ही मंजिष्ठा? 'फार मरगळलेला रंग आला,' म्हणाली होती. हिचंही तोंड शिवलेलंच आहे. ही निळीची वडी, हिचा कागद सोडलेला नाही. रतनजोत, गेरू... धाकटे, इकडे ये. इकडे बघ. सोळा पुडे आहेत, आणि एकालाही हात लागलेला नाही.

धाकटी: राहून गेलं असेल. शेवटी शेवटी तिला होत कुठे होतं काम!

भाऊजी: हे शेवटचे नाहीत. मी प्रत्येकावर वार आणि तारीख घालतो, तुम्ही दोघी चिडवायचात त्यावरून. हा बघ, मंगळवार. हा मंगळवार. हाही मंगळवारच. मधे तीन-तीन आठवडे.

धाकटी: बाजार असेल मंगळवारी.

भाऊजी: सोळा ठिकाणी? मला मूर्ख समजू नकोस गं. शेवटचे दोन महिने मीच तिला दवाखान्यात न्यायचो. दर तीन आठवड्यांनी. मंगळवारी.

(पंख्याच्या घरघरीत भाऊजी सगळे पुडे तारखेप्रमाणे टेबलावर ओळीनं मांडतात.)

भाऊजी: कधीपासून चालू होतं?

धाकटी: त्याच्या आधी वर्षभर.

भाऊजी: आणि न्यायचं कोण?

धाकटी: मी. रजा काढून. ती तुम्हाला रंग आणायला लांब धाडायची, तुम्ही पहाटेच्या बसला गेलात की मला फोन करायची, 'ते निघाले गं'. तुम्ही रात्री यायचात तोवर आम्ही परत आलेलो असायचो. ती पांघरूण घेऊन पडायची, आणि तुम्हाला सांगायची, आज दिवसभर सोडा ढवळला, अंग मोडून आलंय.

भाऊजी: केस गळले, तेव्हा म्हणाली कॉस्टिकच्या वाफेनं. खोकला, तोही वाफेनं. उलट्या, त्याही वाफेनं. मी भिंत फोडून तो पंखा बसवला गं! हातमोजे आणले, तोंडाला बांधायला फडकी आणली. आणि तू बसून बघत होतीस?

धाकटी: पंखा बसवलात त्या दिवशी ती मोरीत जाऊन रडली. पाणी सोडून, तुम्हाला ऐकू येऊ नये म्हणून.

भाऊजी: मी काय परका होतो?

धाकटी: मी हेच म्हणून भांडले तिच्याशी. दोन आठवडे बोलणं टाकलं होतं. तर म्हणते कशी, 'डॉक्टर मला आजारी म्हणून बघतात. नर्स बघते. तूसुद्धा माझ्याकडे बघताना डोळे पुसतेस. घरात एक माणूस तरी असं असू दे, ज्याला मी धडधाकट वाटते. ते माझ्यावर चिडतात, भाजी खारट झाली म्हणून तोंड वाकडं करतात. तेवढं राहू दे मला.'

भाऊजी: आणि मी चिडायचो. नको तेवढा चिडायचो. 'तुला एकही रंग पसंत कसा पडत नाही? राजवाडा रंगवायचाय की साबण?' एकदा तर पुडा आपटला होता या टेबलावर.

धाकटी: सांगितलं होतं तिनं. तुमची नक्कल करून सांगितलं होतं.

भाऊजी: कात्री दे.

धाकटी: कशाला आता?

भाऊजी: दे म्हणतो ना. खाणीपर्यंत गेलो होतो मी. निदान बघू तरी, खरखरीत आहे का.

धाकटी: सावकाश. सांडेल.

भाऊजी: ...पिठासारखी आहे गं. एक खडा नाही हिच्यात.

धाकटी: बसा जरा. मी गॅस बारीक करते.

भाऊजी: तू बस. तुला एक सांगायचंय. आजवर कुणाला सांगितलेलं नाही, हिलासुद्धा नाही. तो पिवळ्या मातीचा पुडा आहे ना, तो मी लांबून आणलेला नाही. कोपऱ्यावरच्या दुकानातून घेतला.

धाकटी: बरं मग? त्यात काय एवढं!

भाऊजी: ऐक तर. त्या मंगळवारी बस आली, दार उघडलं, आणि माझा पायच उचलेना. वैताग आला होता. म्हटलं, कुठूनही आणला तरी ही नाकच मुरडणार. दिवसभर बागेत बाकावर बसलो. शेंगदाणे खाल्ले. डुलकी काढली. अंधार पडल्यावर घरी आलो आणि खुशाल थापा मारल्या, बसला काय ती गर्दी, उभं राहून यावं लागलं. तिनं माझे पाय शेकायला गरम पाणी ठेवलं. त्या अवस्थेत! आणि मी पाय पुढे केले. धाकटे, तिला सुया टोचत होते आणि मी शेंगदाणे खात होतो. बाग कुठली, माहितेय? दवाखान्याच्या मागची.

धाकटी: माहितेय.

भाऊजी: तुला कसं माहीत?

धाकटी: नका ना विचारू, भाऊजी.

भाऊजी: आता आणखी काय लपवायचं उरलंय?

धाकटी: पाहिलं होतं तुम्हाला. परतताना टॅक्सी त्या बागेवरूनच जायची. ताईनं माझ्या खांद्यावर डोकं टेकलं होतं, मला वाटलं झोप लागली. पण तुम्हाला आधी तिनंच पाहिलं.

भाऊजी: तिनं?

धाकटी: मी म्हटलं, थांबवते गाडी. आता तरी सांगून टाकू त्यांना. तर माझा हात घट्ट धरून ठेवला. मागच्या काचेतून दिसत होतात तोवर बघत राहिली.

भाऊजी: रागावली असेल.

धाकटी: नाही.

भाऊजी: मला बरं वाटावं म्हणून सांगू नकोस. या घरात तेवढ्यासाठी पुष्कळ सांगून झालंय.

धाकटी: तुमची शपथ, नाही रागावली.

भाऊजी: मग काय म्हणाली?

धाकटी: म्हणाली, 'बसू दे त्यांना. फार दमलेत.'